फाटक नको म्हणणारा धुरी

आमच्या चाळीत कुणी गेलं की डॉक्टरच्या पाठोपाठ धुरीला निरोप जायचा. डॉक्टर नाडी बघून मान हलवणार आणि निघून जाणार. पुढचं सगळं धुरीकडे. बांबू, सुंभ, पेंढा, मडकं, कोरं कापड, खांदा कुणी कुठून द्यायचा, रडणाऱ्या बाईला कुणी धरायचं, सगळं तोच सांगायचा. तो भटजी नव्हता आणि त्याचा तो धंदाही नव्हता. आमच्या विक्रोळीतच एका कंपनीत पॅकिंग खात्यात होता. मालवणकडे त्याचे आजोबा गावातल्या तिरड्या बांधायचे, ते बघत हा मोठा झाला, इतकंच.

माणूस उंच, हडकुळा, डोक्यावर केस कमी आणि कानांत जास्त. त्याची बघण्याची तऱ्हा वाईट होती. समोरच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत असा बघायचा की वाटावं, हा आपली लांबी धरतोय. माझ्या नवऱ्याने एकदा त्याला गॅलरीत विचारलंच, काय रे धुरी, माप घेतोस काय? धुरी म्हणाला, "दादानू, तुमचां माप दर म्हयन्याक बदालता. आधी पोट कमी करा." सगळी गॅलरी हसली. नवरा पण हसला, पण त्या रात्री भात कमी खाल्ला.

मी घाटावरची. मालवणी कानाला सवयीची झाली, जिभेला कधी जमली नाही. धुरी माझ्याहून लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करायचे आणि तो मला वयनी म्हणायचा. आमचं पहिलं भांडण बांबूंवरून झालं. तो दोन लांब बांबू कायम तयार ठेवायचा, गॅलरीच्या आढ्याला टांगून, बरोबर माझ्या दारासमोर. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईने वर बघितलं, खाली बघितलं आणि पोहे तसेच ठेवले. पाहुणे गेल्यावर मी धुरीला काय ते बोलले. त्याने बांबू उतरवून नेले आणि स्वतःच्या पलंगाखाली ठेवले. त्याची बायको सुलभा दुसऱ्या दिवशी नळावर म्हणाली, "वयनी, तुमच्यामुळे मी आता तिरडीवर झोपतंय." असं म्हणून तीच मोठ्याने हसली. सुलभा तशीच होती. गोल, बुटकी, कशालाही हसायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यावर कुणी बोललं तर म्हणायची, आहे ना एक, पन्नाशीचं.

धुरीचं एक होतं, जे फार जणांच्या लक्षात आलं नसेल. सकाळी त्याचं तोंड बघायला लोक कचरायचे. कामाच्या मुलाखतीला निघालेला माणूस मागच्या जिन्याने जायचा. धुरीला ते माहीत होतं. परीक्षेला निघालेलं पोर किंवा मुंडावळ्या बांधलेला नवरा दिसला की हा आपणच दाराआड व्हायचा. पावलं लांब गेली की बाहेर यायचा आणि विडी पेटवायचा. त्याबद्दल त्याने कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही.

आता फाटकाचं सांगते. आमची चाळ पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी. स्मशान पूर्वेला, खाडीच्या बाजूला. इस्पितळ तिकडे, मोठी शाळाही तिकडेच. मध्ये रूळ आणि रुळांवर फाटक. मढं नेताना वाटेत एकदा खाली टेकवायची रीत आहे, त्याला विसावा म्हणतात. आमचा विसावा फाटकाशी व्हायचा, कारण फाटक बंदच असायचं. बाकीकडे बायका दारातून परततात. आमच्याकडे त्या फाटकापर्यंत जायच्या. ही रीत कुणी घातली ठाऊक नाही. तिथे उभं राहायचं, मढं रूळ ओलांडून पलीकडे गेलं की मागे फिरायचं.

मढं सोडलं तर फाटक उघडायची वाट कुणी बघत नसे. सगळे दांड्याखालून वाकून जात. मीही जायचे. हातात पिशवी, काखेत नातवंड, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं आणि चालू पडायचं. धुरी तेवढा थांबायचा. कामाला उशीर झाला तरी थांबायचा. लोक त्याला म्हणायचे, तुला काय, तुझं गिऱ्हाईक पळून जात नाही.

माझा नवरा गेला तेव्हा वैशाख होता. फाटकाशी तिरडी टेकवली आणि एकामागून एक गाड्या सुरू झाल्या. इकडून गेली की तिकडून. उन्हाने माणसं वैतागली. माझ्या दिराला साताऱ्याची गाडी पकडायची होती. तो म्हणाला, तिरडी जरा तिरकी करा आणि दांड्याखालून काढा, दोन मिनिटांचं काम आहे. चौघांनी हात घातलाही. धुरी तिरडीच्या पुढे, भर रस्त्यात मांडी घालून बसला. म्हणाला, "मेलेल्याक घाई नाय. तुमका असात तर तुमी जावा. आम्ही मागसून येतो." चौघांनी हात काढून घेतले. लोक नंतर या गोष्टीचं फार कौतुक करायचे. मला त्या दिवशी त्याचा राग आला होता. मी अनवाणी होते आणि माझे पाय भाजत होते.

तोपर्यंत धुरीचं फाटकाशी वैर नव्हतं. वैर सुरू झालं ते रेखापासून. रेखा आमच्या समोरच्या खोलीतली सून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. संध्याकाळी भाजी घेऊन परत येत होती. बंद फाटकाखालून वाकली, गाडी जाईपर्यंत नीट थांबली, आणि ती गेल्यावर निघाली. दुसऱ्या रुळावरून उलटी गाडी येत होती. पहिलीच्या आवाजात तिला दुसरीचा आवाज आला नाही. आमच्या फाटकावर माणसं बहुतेक अशीच गेली. घाईने कमी आणि थांबून जास्त.

इस्पितळातून जे मिळालं ते गाठोडं होतं. रेखाच्या सासऱ्याने धुरीला हळूच विचारलं, तिरडी लहान बांधायची का? धुरी म्हणाला, पुरी बांधायची. त्याने पुऱ्या लांबीची बांधली, दार लावून घेतलं आणि आत पेंढा भरून बाईमाणसासारखा आकार केला. वरून हिरवी साडी गुंडाळली, फुलं घातली. तोंड झाकलेलं ठेवलं आणि उघडायचं नाही म्हणून सगळ्यांना बजावलं. रेखाची आई नाशिकहून आली. तिने लेकीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ तशीच राहिली. तिथे पाय नव्हते, पेंढा होता. तिला ते कळलं नाही. पेंढा आणून देणारी मी होते, म्हणून मला माहीत होतं. मी धुरीकडे बघितलं. तो भिंतीकडे तोंड करून सुंभ गुंडाळत होता, आणि गुंडाळलेलं सोडून परत गुंडाळत होता.

त्यानंतर त्याने एकच लावून धरलं. फाटक नको. भजनाला बसला तरी फाटक नको, गणपतीच्या मीटिंगला आला तरी फाटक नको. सुलभा म्हणायची, आमच्याकडे आता आमटीला मीठ कमी असलं तरी फाटकामुळेच.

पुढे खरंच बातमी आली की रेल्वे फाटक काढणार आहे. सगळीकडची काढत होते, आमचंही काढणार. वर पूल होणार म्हणे. पण फाटक आधी जाणार की पूल आधी येणार, हे कुणी नीट सांगेना. चाळीच्या पटांगणात सभा झाली. फाटक राहावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, म्हणाले. सगळ्यांनी केले. मी केला. सुलभानेही नवऱ्याकडे न बघता केला. धुरीचे दोन्ही हात मांडीवर.

फाटकाजवळ भाजीची गाडी लावायचा तो अंकुश. तोही आमच्याच चाळीतला, जिभेने तिखट. तो उभा राहिला आणि म्हणाला, "धुरीकाका, फाटक गेलं तर तुमचंच काम कमी होईल, कळतंय ना?"

पटांगणात हशा झाला.

"तेच्यासाठीच," धुरी म्हणाला.

मग कुणी हसलं नाही. पण म्हणून कुणी हात खाली घेतला असंही नाही. मीही घेतला नाही. मी त्याला उठून सांगितलं की पूल आधी होऊ दे, मग काढा फाटक, म्हाताऱ्यांनी काय उडत जायचं का? तो म्हणाला, "पूल येईसर आणि किती तिरड्यो बांधू, वयनी?" त्याचं तेव्हा खरं होतं. माझंही खोटं नव्हतं. पूल आधी व्हायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

फाटक गेलं. एका सकाळी दांडा नव्हता आणि त्या जागी भिंत उठत होती. धुरीच्या सांगण्यावरून कुणी ते काढलं नव्हतं. रेल्वेला धुरी कोण हेही माहीत नव्हतं. पण रेल्वे काही समोर सापडत नाही, धुरी रोज गॅलरीत सापडायचा. लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. अंकुशच्या गाडीवर कुत्रं फिरकेना, तो तर धुरीच्या नावाने रोज बोटं मोडायचा. सत्यनारायणाचा प्रसाद धुरीच्या उंबऱ्यावर ठेवून पोरं पळून जायची. सुलभाचं हसणं मात्र तसंच राहिलं. नळावर बायका गप्प झाल्या तर ती एकटीच बोलत राहायची, शेवटी कुणाला तरी उत्तर द्यावंच लागायचं.

एवढं असून कुणी मेलं की धुरीचं दार वाजायचंच. येणारा काही बोलायचा नाही, दारात उभा राहायचा. धुरी पलंगाखाली वाकून बांबू ओढायचा. अंकुशचा बाप गेला तेव्हा अंकुश स्वतः आला. त्यानेही तोंड उघडलं नाही. धुरीने त्याच्या बापाची तिरडी अशी बांधली की तशी मी आधी बघितली नव्हती, प्रत्येक गाठ सारखी. तेराव्याला अंकुशने त्याला बोलावलं नाही. धुरीही गेला नसता, मयताच्या घरी तो कधी जेवत नसे.

पुढे पायी जायचा पूल झाला. लोखंडी, उंच, मध्ये वळणाचा जिना. गाड्यांचा पूल व्हायचाच होता, त्यामुळे रिक्षा लांबच्या पुलावरून फिरून जायची. पायी पूल मी एकदा चढले, पायरी-पायरीवर बसत. बाकीच्यांना तेवढाही धीर नव्हता. त्यांनी भिंतीला खालून भगदाड पाडलं. आधी मांजर जाईल एवढं, मग माणूस, मग माणूस आणि सायकल. सगळे परत रुळांवरून जाऊ लागले. आता तर तिथे थांबवायला दांडाही नव्हता.

धुरीने तेव्हा एक काम केलं, जे त्याच्यासारख्यालाच सुचावं. पलंगाखालचे ते दोन बांबू नेले आणि भगदाडावर आडवे टाकून सुंभाने बांधले, तिरडीला असतात त्याच गाठींनी. त्याचा हिशोब असा की तिरडीचं सामान ओलांडायला माणूस धजणार नाही. ज्याला बघून लोक मागच्या जिन्याने पळतात, त्याचे बांबू ओलांडतील कसे? पहिल्या दिवशी खरंच कुणी गेलं नाही. बायका आल्या, गाठी ओळखल्या, तोंडावर पदर घेऊन पुलाकडे वळल्या. धुरी संध्याकाळी लांबून बघून आला आणि खूश होऊन सुलभाला भजी करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी कॉलेजातली मुलं गेली, त्यांना गाठी कुठल्या ठाऊक. त्यांच्या मागून एक बाई गेली, आधी बांबूला हात लावून नमस्कार करून. आठवडा झाला नसेल, तिथे कुणी टॉवेल वाळत घातला आणि अंकुशने वजनकाटा टांगून पलीकडच्या बाजूला भाजी मांडली. धुरी बांबू सोडून आणायला गेला तर अंकुश म्हणाला, राहू दे की काका, उपयोगाचे आहेत. धुरीने ते तिथेच सोडले. मरणाला माणूस भितो, पण रोजच्या रस्त्यात आलं तर त्यावर टॉवेल वाळत घालतो. हे धुरीला कळायला हवं होतं, त्याच्याइतकं मरण आमच्यात कुणी हाताळलं नव्हतं.

मग सुलभा गेली. सकाळी चहा करताना छातीत कळ आली. धुरीने तिला उचलून रिक्षात घातलं. रिक्षा लांबच्या पुलाकडे गेली, तिथे गर्दीत अडकली आणि सुलभा धुरीच्या खांद्यावरच संपली. इस्पितळात डॉक्टर म्हणाला, जरा आधी आणली असती तर काही करता आलं असतं.

हे वाक्य धुरीच्या आधी चाळीत पोचलं. फाटक असतं तर इस्पितळ चालत दहा मिनिटांवर, हे प्रत्येक खोलीत बोललं जात होतं. मीही मनात तेच म्हणत होते. पण फाटक असतं तर त्या वेळी ते उघडं असतं, हे कोण सांगणार?

मी त्याच्याकडे गेले तेव्हा तो जमिनीवर बसून तिरडी बांधत होता. घरच्या माणसाने बांधायची नसते. पण दुसऱ्या कुणाला येत नव्हती. मंडळाची लोखंडी तिरडी पोरांनी आणली होती, ती त्याने परत पाठवली. शववाहिनीही नको म्हणाला, सकाळचीच गाडी पुरे झाली. पोरं बिचारी खाली मान घालून उभी. कालपर्यंत न बोलणारे सगळे आले होते. अंकुशही आला होता आणि पुढच्या खांद्याला उभा राहिला होता. सुलभाला कुणी वैरी नव्हतं.

मडकं धुरीनेच धरलं, मुलगा नव्हता म्हणून. आजवर तो नेहमी तिरडीच्या मागे चालायचा, गाठींवर नजर ठेवून. त्या दिवशी त्याला पुढे चालावं लागलं. सारखा मान वळवून बघायचा, आणि कुणीतरी म्हातारा सांगायचा, मागे बघू नकोस. आम्ही बायका मागून.

भिंतीजवळ आल्यावर धुरी पुलाकडे वळला. खांदेकऱ्यांचे पाय सवयीने भगदाडाकडे वळले. एक क्षण तिरडी तिकडे आणि धुरी इकडे, असं झालं.

अंकुश म्हणाला, "काका, जिवंत होती तेव्हा फेऱ्याने नेलीत. आता तरी सरळ जाऊ द्या तिला." तो ओरडून बोलला नाही. त्याच्या खांद्यावर तिचं ओझं होतं आणि डोळे भरलेले होते. पण बोलला.

मला वाटलं, आता धुरी खाली बसेल. तो तसाच उभा राहिला, मडक्याचा धूर तोंडावर घेत.

"फाटक असता तर वाचली असती, असां तुमी म्हणतास. मी नाय म्हणत नाय. वाचली असती," तो म्हणाला. "पण आज मी हिका घेवन हयसून गेलंय, तर उद्या तू तुज्या पोरीक घेवन जातलस. धुरी गेलो म्हणान."

अंकुशने खांदा बदलला आणि पुलाकडे पाय टाकला. बाकीचे तिघे मागून.

जिन्याशी बायका थबकल्या. रीत फाटकापर्यंतची. फाटक नाही तर कुठवर जायचं, हे आमच्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. मी धुरीला विचारलं, आम्ही कुठवर यायचं? तो म्हणाला, चढूक जमता तर येवा. मी कठड्याला धरून चढले. दोन-तीन जणी माझ्या मागून आल्या, बाकीच्या परतल्या.

वळणावर तिरडी फिरेना. पुढच्यांनी वर उचलली, मागच्यांनी खाली धरली, आणि शेवटी ती जवळजवळ उभी करावी लागली. सुलभा आमच्याकडे तोंड करून उभी राहिल्यासारखी दिसली, कपाळावर मळवट, थोडी कललेली. सुंभ करकरला पण गाठ सरकली नाही.

त्यानंतर धुरी चाळीत फार दिवस राहिला नाही. दिवस झाल्यावर खोली बंद करून भावाकडे मालवणला गेला आणि वर्षभराने तिकडेच वारला. त्याची तिरडी कुणी बांधली, मी विचारलं नाही. मी त्याला नीट असं शेवटचं बघितलं ते त्या पुलावर.

पुलाच्या मधोमध त्यांनी विसाव्याला तिरडी टेकवली. मी कठड्याला टेकून श्वास घेत होते. खाली भगदाडातून माणसं चाललीच होती. त्यांनी वर बघितलं. सुलभाला सगळे ओळखायचे. एक बाई पिशवी घेऊन रुळांच्या मध्येच थांबली आणि हात जोडले. तिचं बघून दोन मुलं थांबली. मग सायकलवाला थांबला, सायकल रुळावर तिरकी धरून. सगळे वर बघत, हात जोडून, रुळांत उभे.

धुरी कठड्याशी आला आणि ओरडला, "नमस्कार मागसून करा. आधी रुळातसून भायर जावा." खाली त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे. माणूस रडतोय असं वाटलं असावं. त्या बाईने पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा हात जोडले.

मडकं हातातून सोडायचं नसतं. धुरीने ते अंकुशच्या हातात दिलं. म्हातारे अरे अरे म्हणेपर्यंत तो कठड्यावरून अर्धा बाहेर वाकला होता आणि दोन्ही हातांनी, अंगणातल्या कोंबड्या हाकलतात तसा, त्यांना हाकलत होता. हाड हाड करत होता. खालच्या माणसांना मग कळलं. मुलं पळाली. सायकलवाल्याने सायकल उचलली. बाई पिशवी घेऊन भिंतीकडे गेली, एकदा मागे वळली, आणि त्याचा हात बघून भराभरा बाहेर निघाली.

गाडी काही आली नाही. धुरी मात्र तिथेच उभा. तिरडी टेकलेली, माणसं खोळंबलेली, अंकुश मडकं धरून. शेवटचा माणूस भिंतीपलीकडे जाईपर्यंत धुरी रुळांकडे बघत राहिला. मग त्याने धोतराला हात पुसले, मडकं परत घेतलं आणि पलीकडचा जिना उतरू लागला.